मी माझी सही मागे घेतली

चाकणजवळच्या एका कंपनीत मी बारा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. प्रेस मशीनवर पत्रा दाबायचा, निघालेला भाग तपासायचा, मोजायचा, पुढे पाठवायचा. दाबणं पुरुषांकडे, तपासणं माझ्याकडे. मी मूळची लातूरकडची. डिप्लोमा झाला, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले. आता चऱ्होलीत नवव्या मजल्यावर राहतो, नवरा, मुलगी आणि मी. जे सांगणार आहे त्यात काही झाकून ठेवायचं नाही असं आधीच ठरवलंय. झाकून ठेवण्याचं काम मी एकदा करून बघितलं. त्यानेच मी आजारी पडले.

आमच्या प्रेस शॉपमध्ये निघोज्याचे एक गृहस्थ होते. पन्नाशी ओलांडलेली, कंत्राटावर लागलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांची एक सवय होती. शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस मी तपासायचा असतो, तो ते फडक्याने स्वच्छ पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "ताई, घ्या. नीट बघून घ्या, म्हंजी दिवसभर कटकट न्हाई." बाकीचे ऑपरेटर तेलकट पीस तसाच सरकवून देत.

मामांच्या मशीनला पुढच्या बाजूला एक सेन्सर होता. प्रेस खाली येताना मध्ये हात आला की मशीन जागच्या जागी थांबायचं. तो सेन्सर बिघडला. हात मध्ये नसतानाही तो मशीन थांबवायला लागला, दर दहा-पंधरा पीसना एकदा. प्रॉडक्शन मागे पडायला लागलं. एका सकाळी मी फेरीवर गेले तर सेन्सरच्या डबीतून एक उघडी वायर बाहेर काढून दुसरीकडे जोडलेली दिसली. म्हणजे सेन्सर नावापुरता. मशीन आता कशालाच थांबणार नव्हतं.

मी माझ्या फेरीच्या वहीत नोंद केली आणि सुपरवायझरला विचारलं, "भाऊ, हे काय केलंय?"

"मॅडम, दोन दिवसांचा प्रश्न आहे. नवीन मागवलाय. तुम्ही तुमचे पीस बघा ना."

मी माझे पीस बघितले. दोन दिवसांचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी, सकाळी चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी, एक पीस डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकला. मामांनी तो काढायला हात घातला. त्यांचा पाय प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर होता.

मी चार पावलांवर होते. आवाज नेहमीचाच आला, प्रेस खाली आल्याचा. त्यात वेगळं काही नव्हतं. मग मामा म्हणाले, "अगं आई." ओरडले नाहीत. कुणी घरात शिरताना म्हणतं तसं म्हणाले. मी वळून बघितलं.

उजव्या हाताची तीन बोटं आणि तळव्याचा तुकडा गेला. पुढचं मी इथे लिहीत नाही. ते मी जिथे सांगायचं तिथे सांगितलंय, अनेकदा.

त्याच दिवशी दुपारी मला एचआर मॅनेजरांच्या केबिनमध्ये बोलावलं. मी तीन वेळा हात धुतले होते, तरी साबणाच्या वासाखाली दुसरा वास येत होता. टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने वारंवार सूचना देऊनही चालू मशीनमध्ये निष्काळजीपणे हात घातला. सेन्सरबद्दल एक अक्षर नाही. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"फॉर्मॅलिटी आहे मॅडम," मॅनेजर म्हणाले. "इन्शुरन्सला लागतं. लवकर गेलं तर मामांचंच काम लवकर होईल."

मी सही केली. किती वेळ लागतो सहीला? पेन उचललं आणि ठेवलं.

पहिले तीन आठवडे मला काहीच झालं नाही. लोक म्हणायचे, मॅडम खंबीर आहेत. मग एका संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दार धाडकन लागलं आणि मला श्वास घेता येईना. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर कुणी भिंतीत खिळा ठोकत होतं, तेव्हा पुन्हा. एकदा कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या पुढे, छातीत असं आवळून आलं की मी शेजारच्या बाईचा दंड धरला आणि सोडलाच नाही. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती. नवऱ्याने हॉस्पिटलात नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. ती म्हणाली, "ताई, हे पॅनिक अटॅक आहेत. खरे आहेत, तुम्ही नाटक करत नाही आहात. मध्यंतरी काही घडलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नाही, तसं काही नाही. कामाचा ताण."

तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि औषधाच्या चिठ्ठीखाली एका समुपदेशक बाईंचा नंबर लिहून दिला.

माझा नवरा वाईट माणूस नाही. भोसरीत एका वर्कशॉपला मेंटेनन्सला आहे, घरी आला की भाजी निवडून देतो, मुलीचा अभ्यास घेतो. पण घरी जाताना रिक्षात तो मला म्हणाला, "तिकडे नको जाऊस. उद्या पोरीच्या शाळेत कळलं, सोसायटीत कळलं, तर काय सांगणार? गावाला जाऊन ये आठ दिवस."

मी गावाला जाऊन आले. आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. भावजयीने मोबाइलवरचे प्राणायाम दाखवले. मावशी म्हणाली सकाळी अनवाणी चाल. मी सगळं केलं. चालणं चांगलं होतं, ते मी अजून करते. पण परत येऊन बसमध्ये बसले आणि मोशीच्या पुढे तेच.

मग कंपनीने आमच्यासाठी तणावमुक्त जीवनाचं सेशन ठेवलं. कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारली, एक ट्रेनर आला, पांढरा शर्ट, गळ्यात माइक. आम्हाला सगळ्यांना उभं केलं. "हात वर! मोठ्याने म्हणा, मी आनंदी आहे! आता हसा! अजून मोठ्याने! टाळ्या!" भिंतीपलीकडे प्रेस चालू होत्या. माझ्या आजूबाजूची माणसं, ज्यांनी मामांना उचलून गाडीत घातलं होतं ती माणसं, खोटं खोटं हसत होती, कारण पहिल्या रांगेत मॅनेजर बसले होते. मी हात खाली ठेवून उभी राहिले.

ट्रेनर माझ्यासमोर आला. "मॅडम, स्माइल! काय प्रॉब्लेम आहे? तुम्ही का नाही हसत?"

"कशाला हसू?" मी विचारलं. "काय झालंय हसण्यासारखं?"

माझा आवाज त्याच्या माइकमध्ये गेला आणि कॅन्टीनभर ऐकू आला. तो दुसऱ्या रांगेकडे गेला. मला एकदम राग आला, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. मला बरं व्हायचं होतं, पण यांच्या सोयीसाठी नाही. त्याच दिवशी बसमधून उतरले आणि त्या समुपदेशक बाईंना फोन केला.

त्या दिघीत राहतात. रस्त्यापलीकडे लष्कराच्या हद्दीची लांबच लांब भिंत आहे, तिच्यामागे दाट झाडं. त्यांचे मिस्टर सैन्यातून निवृत्त झालेले. तळमजल्यावरच्या एका खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, एक पंखा, पाण्याचा तांब्या. बाई साठीच्या, कॉटनची साडी, आवाज शांत पण गुळगुळीत नाही. मला वाटलं होतं उपदेश करतील. पहिल्या दिवशी मी अर्धा तास मुलीच्या शाळेबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल, बसबद्दल बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्ता इथे बसलाय, तर शरीरात कुठे काय होतंय?"

मी हसले. "मनाचं दुखणं घेऊन आले मी. तुम्ही शरीराचं विचारताय."

"मन वेगळं कुठे ठेवलंय तुम्ही?"

मग मी बघितलं, तर माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. कधीपासून, कोण जाणे. बोटं उघडायला गेले तर दुखली.

त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टी सांगायला साध्या आहेत. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा. घाबरं व्हायला लागलं की आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची, मग ऐकू येणारे आवाज, मग हाताला लागणारं काही. भीती किती आहे ते शून्य ते दहामध्ये मांडायचं आणि वहीत लिहायचं. हे मला फार पटलं. दिवसभर मी मोजण्याचंच काम करते. माप घेता आलं की त्या गोष्टीशी बोलता येतं. मी माझ्या भीतीचा रोजचा रिपोर्ट ठेवायला लागले. लिफ्ट, सहा. बस, आठ. मुलीने दप्तर आपटलं, सात, पण लवकर उतरली.

मग त्यांनी एक शिडी आखून दिली. सगळ्यात खालची पायरी, "प्रेस शॉप" हे शब्द मोठ्याने म्हणायचे. सगळ्यात वरची, मामांच्या मशीनपाशी उभं राहायचं. मधल्या पायऱ्या आम्ही दोघींनी मिळून ठरवल्या. एका पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबायचं, पळायचं नाही, आणि वरच्या पायरीची घाईही करायची नाही. आजारी पडल्यापासून मी आत जातच नव्हते, पीस बाहेर मागवून तपासायचे. आता मी प्रेस शॉपच्या दाराबाहेर दहा दहा मिनिटं उभी राहायचे, हातात कसलातरी कागद धरून, म्हणजे लोकांना वाटावं काम करतेय. काही दिवस तर दारापासूनच परत फिरले. घरी येऊन स्वतःवर चिडायचे. बाई म्हणायच्या, "परत फिरलात तेही लिहा. रिजेक्शनसुद्धा रेकॉर्डला घेता ना तुम्ही?"

बाईंची वेळ मंगळवारी चारची असायची, म्हणून मला दुपारी लवकर निघावं लागे. त्यासाठी गेट पास घ्यायचा आणि त्यावर कारण लिहायचं. पहिल्या दोन मंगळवारी मी डोकेदुखी लिहिलं. तिसऱ्या वेळी पेन हातात घेतलं आणि मला त्या केबिनमधलं पेन आठवलं. मी लिहिलं, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन.

टाइम ऑफिसमधला क्लार्क चांगला मुलगा आहे, सोलापूरकडचा. तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, असं नका लिहू. सगळे वाचतात. डेंटिस्ट लिहा."

"दात शाबूत आहेत माझे," मी म्हटलं. "शिक्का मार."

सगळ्यांनी वाचलंच. आठवड्याभरात शॉपमध्ये पसरलं की मॅडमचं डोक्याचं चालू आहे. सुपरवायझर रोज सकाळी ठरावीक सुरात विचारायला लागला, "काय मॅडम, आज कसं वाटतंय?" आणि बाजूच्यांकडे बघायचा. मी त्याला नीट उत्तर द्यायचे. "आज पाच. काल सात होतं. तुमचं किती आहे?" तीन-चार दिवसांनी त्याने विचारणं सोडलं.

घरी नवऱ्याने गेट पासचं ऐकलं तेव्हा ताट बाजूला सारलं. "एवढी कसली हौस आहे गावभर सांगायची?"

"तुझी कंबर धरली होती तेव्हा तू भोसरीभर सांगत फिरत होतास. पट्टा शर्टावरून बांधायचास."

त्याने ताट परत पुढे ओढलं. मग म्हणाला, "मी येऊ का सोडायला मंगळवारी?" तो आला. खोलीत आला नाही, बाहेर भिंतीपाशी गाडी लावून उभा राहिला. पुढेही जमेल तेव्हा येत राहिला.

दोन महिन्यांनी बाई म्हणाल्या, आता तो दिवस सांगायचा. डोळे मिटून, आत्ता घडतंय असा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मी सांगितला. रडले, घाम आला, आकडा नऊवर गेला. पुढच्या मंगळवारी परत सांगितला. मग परत. दर वेळी तो दिवस जरा लहान होत गेला, आवाज कमी झाला. मला वाटलं, झालं, संपत आलं. पण चौथ्यांदा सांगून डोळे उघडले तर बाई माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होत्या.

"एक विचारू? मामांना गाडीत घातलं, मग तुम्ही हात धुतले, आणि मग एकदम बसमध्ये बसून घरी आलात. चारही वेळा. मधल्या वेळात काय झालं?"

"काही नाही. कागद होते."

"कसले?"

माझी मूठ परत मिटली. मला ते जाणवलं. मी म्हटलं, "अहवालावर सही केली." एवढंच म्हटलं, आणि जे रडू आलं ते आधीच्या कुठल्याच रडण्यासारखं नव्हतं. आधी मी घाबरून रडत होते. आता मला लाज वाटत होती. मी त्यांना वायरचं सांगितलं, नऊ दिवसांचं सांगितलं, निष्काळजीपणे या शब्दाचं सांगितलं. तोवर हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी मला माफ केलं नाही, धीर दिला नाही, चूक तुमची नाही असंही म्हटलं नाही. मला वाटतं, म्हटलं असतं तर मी पुन्हा गेले नसते. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "आता तुम्हाला काय करावंसं वाटतंय?"

"मामांकडे जावंसं वाटतंय."

"मग श्वासाचं लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या.

निघोज्यात मामांचं घर गावठाणात, मागे मोकळी जागा, तिथे दोन शेळ्या. मी गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी गेले. मामा पडवीत बसले होते. हातावर मोजा घातलेला. डाव्या हाताने कपबशी धरायची सवय करत होते, बशी थरथरत होती. मला बघून उठले. "या ताई, या. लई दिसांनी." मामींनी चहा टाकला.

मी कसं सुरू करावं हा विचार करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "काय सांगू ताई, माझंच चुकलं. एवढ्या वर्साचा मानूस मी, आन् हात घातला. सायबांनी लिवलंय ते बराबर हाय. येंधळेपणा झाला."

ते मला ऐकवेना. माझ्या सहीचा कागद त्यांनी कधी वाचला नव्हता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यांच्या तोंडात जाऊन बसला होता.

"नाही मामा," मी म्हटलं. "मशीनचा सेन्सर दुरुस्त झालाच नव्हता, तोडलेला होता. तो चालू असता तर प्रेस खाली आलीच नसती. मला माहीत होतं. नऊ दिवस माहीत होतं. आणि तुमची चूक आहे असं लिहिलेल्या कागदावर मी सही केलीय."

मामांनी कपबशी खाली ठेवली. मामी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "मग तवाच का न्हाई बोललात? चार महिनं ह्यो मानूस भिताडाकडं तोंड करून झोपतोय. सोताला शिव्या देतोय. पोरीच्या घरी जात न्हाई, त्वांड दाखवायची लाज वाटती म्हनून. आन् तुमी आत्ता येताय सांगायला?"

मी म्हटलं, "भ्याले मी."

"भ्यायला तुमचा हात गेलाय व्हय?"

मी तिथे बसून राहिले. उठून पळावंसं वाटत होतं, पण पायरीवरून उतरायचं नाही हे मी शिकले होते. मामींनी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मी ऐकलं. शेवटी मामा म्हणाले, "म्हंजी माझा येंधळेपणा नव्हता?"

"नव्हता."

"परत सांगा."

"नव्हता मामा."

त्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मामी आत निघून गेल्या. मला दिलेला चहा मी संपवला आणि निघाले. निघताना मामींनी निरोप दिला नाही, आणि द्यावा असं मला वाटलंही नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मेंटेनन्सचाच माणूस, वायर म्हटल्यावर त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. बराच वेळ तो खिडकीतून बाहेर बांधकामाच्या क्रेनकडे बघत बसला. मग म्हणाला, "नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"मीही असले सेन्सर बायपास केलेत," तो म्हणाला. "साहेब म्हणाले म्हणून. दोनदा." आणि मग म्हणाला, "लिही तू."

मी लिहिलं. साध्या मराठीत, एक पान. अमुक दिवशी सेन्सर बायपास झालेला मी पाहिला, सुपरवायझरला सांगितलं, माझ्या फेरीच्या वहीत त्याची नोंद आहे, अपघात त्यामुळे झाला. अहवालावर मी केलेली साक्षीदाराची सही मी मागे घेते. एक प्रत प्लांट हेडना, एक एचआरला, आणि एक सरकारच्या कारखाना निरीक्षक कार्यालयाला, पोचपावती घेऊन.

दोन दिवसांत त्याच केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजरांच्या समोर फाइल होती. त्यांनी ती उघडून माझ्याकडे वळवली. आत माझे गेट पास होते, सगळे, ओळीने लावलेले.

"मॅडम, तुमच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण हे बघा. तुम्ही स्वतः लिहून दिलंय. तुमचे मानसिक उपचार चालू आहेत. अशा अवस्थेत माणसाला काहीही आठवतं. उद्या कुणी विचारलं तर तुमचा शब्द टिकेल का? तुमच्याच भल्यासाठी सांगतो, पत्र परत घ्या. हवं तर महिनाभर रजा घ्या."

माझ्या छातीत सुरू झालं. मला कळलं की सुरू होतंय. मी पाच वस्तू बघितल्या. स्टेपलर. कॅलेंडर. त्यांचा पाण्याचा ग्लास. खिडकीची जाळी. माझे गेट पास. लांब श्वास सोडला. त्यांना वाटलं असेल की मी विचार करतेय.

"सर, सही केली तेव्हा माझे उपचार चालू नव्हते," मी म्हटलं. "तेव्हा मी तीन तासांपूर्वी एका माणसाचा हात जाताना बघितला होता. त्या अवस्थेतली सही तुम्हाला चालली. आता मी दर आठवड्याला बसून तो दिवस मिनिटामिनिटाने आठवतेय, तर ते चालत नाही?"

"तुम्ही भावनिक होताय."

"होतेय. आणि सेन्सर बंद होता."

त्यांनी फाइल मिटली. मी उठले. "ते पास सांभाळून ठेवा," मी म्हटलं. "निरीक्षक आले की त्यांनाही दाखवा. कुठे जाते ते मी लपवलेलं नाही."

केबिनबाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. शूर माणसांना असं होत असेल की नाही मला माहीत नाही. मला झालं.

पुढे जे झालं ते सगळं चांगलं झालं असं नाही. निरीक्षक आले, पण तीन महिन्यांनी. तोवर वायर अर्थातच निघाली होती. पण माझी फेरीची वही होती, आणि मेंटेनन्सच्या एका माणसाने, ज्याच्याकडून मी कसलीच अपेक्षा केली नव्हती, खरं सांगितलं. अहवाल बदलला. मामांना त्यांच्या हक्काचं मिळायला आणखी बरेच महिने लागले, पण मिळालं. कंपनीने त्यांना गेटवर बसायची नोकरी देऊ केली. ते म्हणाले, "न्हाई. त्या आवाजात न्हाई." आता ते निघोज्यात शेळ्या वाढवतात. त्या मोकळ्या जागेत आता सात शेळ्या आहेत. मामी माझ्याशी बोलतात, पण मोजकं. त्यांनी मला माफ केलंय असं मी धरून चालत नाही.

मला काढलं नाही. प्रेस शॉपवरून हलवून बाहेरून येणारा माल तपासायला बसवलं, पत्र्याच्या एका शेडमध्ये, एकटीला. सुपरवायझर तोच आहे. मी शिडीच्या वरच्या पायरीवर माझी मी गेले, एका दुपारी, कुणी पाठवलं नव्हतं. मामांच्या मशीनवर आता दुसरा माणूस आहे. नवा सेन्सर आहे. मी त्याला म्हटलं, जरा मध्ये ही पट्टी धर. प्रेस थांबली. मी परत धरायला लावली. परत थांबली.

बाईंकडे मी आता महिन्यातून एकदा जाते. अजूनही काही आठवडे वाईट जातात. लोक विचारतात, पूर्ण बरी झालीस का? मी म्हणते, तुम्ही झालात का?

एकटीला शेडमध्ये बसवलं, त्यातून मात्र एक गोष्ट निघाली. असेंब्ली लाइनवरच्या एका मुलीने, रत्नागिरीकडच्या, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या शेडमध्ये यायला सुरुवात केली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही जाता ना त्या बाईंकडे, तिथे बोलायचं काय असतं?" तिचं मूल पोटातच गेलं होतं, आणि आठव्या दिवशी ती कामावर हजर होती. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी आल्या. आता आम्ही सहा-सात जणी असतो. मी समुपदेशक नाही, हे मी प्रत्येकीला आधी सांगते. ज्या दोघींना गरज होती त्यांना मी स्वतः दिघीला घेऊन गेले. बाकी आम्ही फक्त जेवतो आणि खरं बोलतो. आज झोप लागली का. कुणावर ओरडलीस का. रडलीस तर किती वेळ. कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी "जाऊ दे" म्हणायचं नाही, एवढे दोन नियम.

मागच्या महिन्यात एचआरने फलकावर सूचना लावली की जेवणाच्या सुट्टीत विनापरवानगी एकत्र जमू नये. त्या दुपारी शेडकडे चालत जाताना मला वाटलं, आज कुणी येणार नाही. तर त्या सगळ्या आधीच येऊन बसल्या होत्या, डबे उघडून. सुपरवायझर दारात आला. "काय चाललंय हे? कसली मीटिंग?"

रत्नागिरीच्या मुलीने भाकरीचा तुकडा मोडला. "जेवतोय," ती म्हणाली. "आणि आता माझी पाळी आहे बोलायची. तुम्हाला थांबायचं तर थांबा, नाहीतर दार लावून घ्या."

तो मग दार लावून गेला. ती बोलायला लागली.